अर्धवट बरं वाटतंय, त्याचं काय?

प्रश्न : वय ४३, शाळेत गणित शिकवते. नैराश्याचं निदान होऊन दोन वर्षं होत आली. पहिली गोळी पाच महिने घेतली, मग डॉक्टरांनी बदलली. ही दुसरी वर्षभर चालू आहे. फायदा झालाच नाही असं म्हणवत नाही. आधी तास संपला की बाथरूममध्ये जाऊन रडायचे, ते थांबलं. शाळेत जाते, शिकवते, पेपर तपासते. पण रडणं गेलं तसं हसणंही गेलं. घरी आलं की पर्स खांद्याला तशीच, आणि मी पलंगावर बसलेली. वाळलेले कपडे आठ-आठ दिवस खुर्चीवर पडून असतात. रोज बघते, हात जात नाही. पूर्वी शब्दकोडं सोडवल्याशिवाय चैन पडायचं नाही, आता पेन हातात धरून नुसती चौकटींकडे बघत राहते. पहाटे चारला जाग येते ती येतेच. डॉक्टर विचारतात, ‘कसं आहे?’ मी म्हणते, ‘बरं आहे.’ ते तीच चिठ्ठी पुढे चालू करतात. नवरा समजूतदार आहे, पण परवा त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘दोन वर्षं झाली की गं आता.’ औषध घेऊनही बरी होत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे का? मरायचा विचार वगैरे नाही. सकाळी जाग आलीच नाही तर बरं, एवढंच कधी कधी वाटतं.

उत्तर : तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत, ‘एवढंच’ म्हणून. माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशा ओळी बहुतेक वेळा जाता जाताच आल्या आहेत. दाराच्या कडीवर हात ठेवून. जाग न आली तर बरं, हा विचार या आजारात येतो, पुष्कळांना येतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो नोंदवायचाच असतो. तुमच्या डॉक्टरांना तो याच आठवड्यात, याच शब्दांत सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. नवऱ्यालाही सांगा. गोळ्यांचा साठा त्याच्याकडे ठेवायला द्या आणि घरात आठवड्यापुरत्याच हाताशी ठेवा. आणि ‘जाग न आली तर’ याची जागा कधी ‘कसं’ आणि ‘केव्हा’ यांनी घ्यायला सुरुवात केली, तर त्या दिवशी एकटं राहायचं नाही. रात्र असली तरी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं, किंवा मदतवाहिनीला फोन लावून सोबत कुणी येईपर्यंत बोलत राहायचं.

आता ‘बरं आहे’कडे येते. या दोन शब्दांशी माझं जुनं वैर आहे.

मला स्वतःला नैराश्य आलं तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून अकरा वर्षं काम केलेलं होतं. रुग्णांना रोज ज्या गोळ्या लिहून द्यायचे त्यातलीच एक मला माझ्या वरिष्ठ डॉक्टरबाईंनी दिली. दर महिन्याला त्या विचारायच्या आणि मी सांगायचे, बरं आहे. सात महिने सांगितलं. खोटं होतं असंही नाही, आधीपेक्षा बरंच होतं. एकदा त्यांनी प्रश्न बदलला. ‘काल सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत काय काय केलंस, क्रमाने सांग.’ मी सांगायला लागले आणि अडले. आदल्या दिवशी मी पलंगाच्या कडेला बसले होते, एक मोजा पायात, एक हातात. किती वेळ? घड्याळाच्या हिशेबाने चाळीस मिनिटं. दुसरा मोजा घालणं अवघड नव्हतं, नको होतं असंही नव्हतं. तो नुसता हातात होता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘आणि याला तू बरं म्हणतेस?’

सात महिने माझा डोस सुरुवातीचाच राहिला होता. वाढवणार तरी कोण, मीच तर बरं म्हणत होते.

म्हणून पहिलं काम : पुढच्या भेटीला एका कागदावर ठरावीक गोष्टी लिहून न्या. ‘पर्स खांद्याला तशीच’ ही ओळ जशीच्या तशी. कपडे किती दिवस खुर्चीवर. झोप किती वाजता मोडते. शेवटचं कधी हसू आलं. ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती दिवस जाणवलं हे त्यात भरायचं, गुण शून्य ते २७. ती दर महिन्याला भरून न्या. तुम्ही गणिताच्या, म्हणून हिशेब सांगते : सुरुवातीचे गुण निम्म्यावर आले तर औषधाने ‘प्रतिसाद’ दिला असं आम्ही म्हणतो, आणि पाचाच्या खाली गेले तर आजार ‘उतरला’. या दोन टप्प्यांच्या मध्ये पुष्कळ माणसं अडकून बसतात. तिथे माणूस कामावर जाऊ शकतो, म्हणून बाहेरच्यांना तो बरा दिसतो, आणि हळूहळू त्याचं त्यालाही तसंच वाटायला लागतं. या टप्प्यावर थांबण्याचा तोटाही आहे. जितकी लक्षणं उरतात तितका आजार उलटण्याचा धोका जास्त. तेव्हा उरलेल्यासाठी पुन्हा डॉक्टरांचं दार ठोठावणं हा हावरटपणा समजू नका.

खोट तुमच्यात आहे का? अमेरिकेत ‘स्टार-डी’ नावाचा मोठा अभ्यास झाला, चार हजारांवर रुग्ण, निकाल २००६ मध्ये आले. पहिल्या औषधावर पूर्ण उतार पडलेले साधारण एक तृतीयांश होते. उरलेल्यांतल्या काहींना दुसऱ्या पायरीवर गुण आला, त्यानंतर प्रत्येक पायरीला प्रमाण घसरत गेलं. (चारही पायऱ्यांची जी एकूण बेरीज तेव्हा जाहीर झाली तिच्यावर पुढे बराच वाद झाला, म्हणून ती मी इथे देत नाही.) पहिल्या गोळीवर पूर्ण बरे होणारेच अल्पसंख्य आहेत. वर्गातल्या दोन तृतीयांश मुलांना एखादं गणित पहिल्या पद्धतीने सुटलं नाही, तर तुम्ही मुलांना दोष द्याल की दुसरी पद्धत फळ्यावर मांडाल?

पण दुसऱ्या पद्धतीआधी पहिली नीट झाली होती का हे बघावं लागतं. दोन औषधं, प्रत्येक पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान सहा ते आठ आठवडे, आणि तरी फरक अपुरा. असं झालं की आमच्या भाषेत ‘दाद न देणारं नैराश्य’ म्हणतात. नाव भयंकर आहे, मला मुळीच आवडत नाही, जणू रुग्णच हट्टाला पेटलाय. हा शिक्का बसलेल्या कितीतरी जणांची मात्रा मुळात पुरेशी नसते. काहींच्या गोळ्या सुटत असतात. एका रुग्णाने मला एकदा औषधाची डबी दाखवली. दर रविवारचा कप्पा भरलेला. रविवारी उशिरा उठायचा, सकाळची गोळी राहायची. त्याच्या लेखी तो ‘नियमित’ होता. तुम्हीही एकदा पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. रागावणार कुणी नाही, फक्त आकडा खरा हवा.

शरीराकडेही बघायला हवं. थायरॉईड मंदावलेलं असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल, तर नैराश्यासारखीच लक्षणं दिसतात, आणि नैराश्य असलं तर ते त्यात भर घालतात. झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर सकाळ कधीच ताजी उगवत नाही. स्टेरॉईडसारखी काही औषधं मनावर परिणाम करतात. रोजची दारू असेल तर ती गोळीच्या विरुद्ध दिशेने ओढते. तुमच्या वयात पाळीतले बदलही विचारात घ्यायचे. एका रक्ततपासणीत आणि पंधरा मिनिटांच्या चौकशीत यातलं बरंच निकालात निघतं.

निदानाबद्दलही एक प्रश्न. आयुष्यात कधी असे सलग चार-पाच दिवस गेलेत का, की झोप तीन-चार तास आणि तरी थकवा नाही, डोकं सुसाट, बोलणं थांबत नाही, खर्च हाताबाहेर, आणि आसपासचे म्हणाले ‘आज तुला झालंय काय?’ असे दिवस आठवत असतील तर आवर्जून सांगा. बायपोलर आजार, म्हणजे मन कधी खूप वर तर कधी खूप खाली जाण्याचा आजार, पुष्कळदा नैराश्याच्याच वेशात येतो, आणि त्याला साधी नैराश्याची गोळी एकटी पुरत नाही, कधी तर बिघडवते. डॉक्टरांकडे जाणारा माणूस खाली असतानाच जातो. वरचे दिवस सांगायचे असतात हे त्याला ठाऊकच नसतं.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ : रडणं गेलं तसं हसणंही गेलं. याचे दोन अर्थ निघतात आणि दोघांचे उपाय उलट दिशेने जातात. एक, आजार अजून शिल्लक आहे. आनंदाची चव जाणं हे नैराश्याचं मूळ लक्षणच. तसं असेल तर उपचार वाढवायला हवा. दुसरा अर्थ असा की आजार मागे हटलाय, पण गोळीनेच भावना बोथट केल्यात. ‘एसएसआरआय’ या नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांच्या गटातल्या औषधांनी असं अनेकांना होतं, विशेषतः मात्रा जास्त असेल तेव्हा. तसं असेल तर मात्रा कमी करायची किंवा गट बदलायचा. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. वेगळं कसं ओळखायचं? मी रुग्णांना विचारते, दुःखाच्या बातमीनं काय होतं? नैराश्यात दुःख आतवर बोचतं, अपराधीपणा असतो, सकाळ जड असते. बोथटपणात माणूस सांगतो, ‘वाईट वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण वाटलं नाही. काचेपलीकडून बघतोय असं.’ आणि हे केव्हापासून, गोळी वाढवल्यानंतर की आधीपासून? तुमचं चार वाजता जागं होणं आणि स्वतःत खोट शोधणं बघता आजार शिल्लक असावा असं मला वाटतं, पण पत्रावरून निदान करणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नका. तारखांचा हा हिशेब तुमच्या डॉक्टरांपुढे मांडा. ठरवतील ते.

स्वतःहून गोळी मात्र कमी करू नका, थांबवू तर नकाच. एकदम थांबवली की चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड, विचित्र स्वप्नं सुरू होऊ शकतात, आणि हा औषध सुटल्याचा त्रास की आजार उलटला हे ओळखणं अवघड होतं.

पुढच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, त्या थोडक्यात सांगते. चालू गोळीची मात्रा वाढवणं. वेगळ्या गटातली गोळी. चालू गोळीला दुसरं औषध जोडणं, जसं लिथियम, ॲरिपिप्राझोल किंवा क्वेटियापिन. लिथियमचं नाव ऐकून लोक दचकतात. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरचा गुण दाखवला, तेव्हापासून ते वापरात आहे. त्याला रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांच्या तपासण्या सतत कराव्या लागतात, हे खरं. माझी स्वतःची गाडी दुसऱ्या गोळीवर अडली होती आणि थोड्या लिथियमने पुढे सरकली. तुमचीही तशीच सरकेल असा याचा अर्थ घेऊ नका. गोळ्यांपलीकडे चुंबकीय लहरींचा उपचार आहे, एस्केटामिनचा नाकात मारायचा फवारा आहे, इसीटी, म्हणजे लोक जिला ‘शॉक’ म्हणतात ती विजेची उपचारपद्धती आहे. तिच्याबद्दल खाली दुसऱ्या वाचकाने विचारलंच आहे.

आणि थेरपी. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. ब्रिटनमध्ये औषधाने पुरेसा गुण न आलेल्या ४६९ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध. निम्म्यांचे नेहमीचे उपचार तसेच चालू ठेवले, निम्म्यांना त्याच्या जोडीला बोधात्मक वर्तन थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, दिली. सहा महिन्यांनी लक्षणं निम्म्यावर आलेले लोक पहिल्या गटात २२ टक्के, दुसऱ्यात ४६. म्हणजे थेरपी घेऊनही निम्म्याहून जास्त जणांना तेवढा फरक पडला नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलंय. तरी दुपटीचा फरक घडवणारी गोष्ट दोन वर्षं कुणी सुचवू नये याचा मला राग येतो. फक्त थेरपिस्ट प्रशिक्षित आहे का आणि कोणत्या पद्धतीने काम करणार हे पहिल्याच भेटीत विचारा. ‘सकारात्मक विचार करा’ एवढंच सांगणारा भेटला तर दुसरा शोधा.

हे सगळं व्हायला महिने लागतात, आणि कपडे आज खुर्चीवर आहेत.

त्या खुर्चीबद्दल. ‘मन झालं की करू’ हा नेहमीच्या आयुष्यातला क्रम या आजारात उलटा होतो. आधी हात हलतो, मन झालंच तर मागून येतं. पण हलवायची गोष्ट हास्यास्पद वाटावी इतकी लहान हवी. सगळे कपडे नकोत. दोन. दोन घड्या झाल्या की खुर्चीकडे पाठ फिरवायची, तिसरी खुणावत असली तरी. (तिसरी केली तर उद्या मन दोनाला पाच समजतं आणि हातच लावत नाही. अनुभवाचे बोल.) शब्दकोड्याचंही तसंच : एक आडवा शब्द. सुरू करण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहा, यातून किती बरं वाटेल, शून्य ते दहा. झाल्यावर खरा आकडा लिहा. पहिल्या आठवड्यात शून्याला शून्यच येतील. मग एखाद्या दिवशी अंदाज शून्य आणि उत्तर दोन. आजार भविष्य सांगण्यात किती कच्चा आहे हे त्या दोनावरून कळतं, आणि तुमच्यासारखीला ते आकड्यात दिसलेलं जास्त पटेल. माझ्याकडे अशी एक वही अजून आहे. तिच्यातली पहिली नोंद : ‘मोजे रात्रीच बुटांत घालून ठेवले. अंदाज ०, खरा १.’

पहाटे चारला जाग आली की पलंगावर लोळत हिशेब मांडत बसू नका, उठून दुसऱ्या खोलीत बसा, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. निद्रानाशासाठी वेगळी थेरपी असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

तुमच्या यजमानांना या उत्तराचं पान वाचायला द्या, आणि पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा. तुम्ही ‘बरं आहे’ म्हणालात की त्यांनी खुर्चीबद्दल सांगायचं.

प्रश्न : वडिलांचं वय ६८. गंभीर नैराश्य आहे. तीन औषधं झाली, आता खाणं-पिणंही जवळजवळ सोडलंय. डॉक्टर ‘शॉक’ द्यायचं म्हणतात. बहीण म्हणते, बाबांचा मेंदू जाईल. आम्ही काय करावं?

उत्तर : खाणं-पिणं सुटलंय म्हणजे वेळ कमी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो. असं टोकाचं नैराश्य, त्यातही उतारवयातलं, इसीटीला जितक्या लवकर प्रतिसाद देतं तितक्या लवकर गोळ्यांना क्वचितच देतं.

बहिणीची भीती सिनेमातून आली आहे, आणि थोडी इतिहासातूनही. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा भूल देत नसत, माणूस अक्षरशः आपटायचा, हाडं मोडायची. आता आधी भूल देतात, स्नायू सैल करण्याचं औषध देतात, प्राणवायू चालू ठेवतात, आणि मग काही सेकंद वीजप्रवाह. त्याने मेंदूत जो झटका येतो तो साधारण मिनिटाच्या आत संपतो. बाहेरून बघणाऱ्याला पायाचं बोट थरथरलेलं दिसलं तर दिसेल. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण बहुधा सहा ते बारा वेळा.

मेंदू जात नाही. स्मरणशक्तीवर परिणाम होतो, तो लपवू नये. उपचाराच्या आठवड्यांतलं आणि त्याच्या आसपासचं काही पुसलं जातं. नवं लक्षात ठेवणं बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं. जुन्या आठवणींतल्या काही फटी काही जणांच्या कायमच्या राहतात. बाबांची संमती शक्य तितकी त्यांच्याशी बोलून घ्या, हृदय आणि फुप्फुसांची तपासणी आधी होईलच. आणि शेवटच्या सत्रानंतर पुढे काय, हे आत्ताच विचारून ठेवा. औषध चालू ठेवलं नाही तर पहिल्या काही महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण बरंच असतं.

पहिल्या दिवशी बहिणीलाच सोबत न्या. शुद्धीवर येताना बाबा गोंधळलेले असतील, ‘मी कुठे आहे’ हे चार-पाचदा विचारतील. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगायचं.